पान चौदावरची लाल रेघ

भिंगार
२ फेब्रुवारी २०२५

चि. सॅम यास दादाचा सलाम.

तुझा निरोप तुझ्या वहिनीच्या मोबाईलवर आला. दयानं तो मला वाचून दाखवला, मग मी स्वतः वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. 'माझ्या पासपोर्टच्या पान चौदावर लाल पेनानं कुणी लिहिलं ते लेखी कळवा. वकिलाला हवंय. चौदा मेच्या आत. तोवर मला फोन करू नका.' बस्स, एवढंच. आई कशी आहे हे विचारायलासुद्धा तुझी बोटं जड झाली. बरं. लेखी मागितलंस, लेखी घे.

खाली जोडलेल्या वकिलाच्या कागदावरून मला काय समजलं ते आधी मांडतो, म्हणजे म्हाताऱ्याला काही कळत नाही असं तुझ्या वकिलाला वाटायला नको. तू वीस वर्षं अमेरिकेत आहेस. तिथं कायम राहायचं कार्ड तुझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूसाठी आलास आणि परत गेलास, तेव्हा तिथल्या विमानतळावरच्या साहेबानं कार्डाकडे बघायचं सोडून छताकडे बघितलं आणि तुला पाहुण्याचा शिक्का मारला. सहा महिने राहा आणि चालू लागा, अशी तारीखही वर पेनानं टाकली. तू ते बघितलंसुद्धा नाहीस. परवाच्या नाताळाला घरी यायला निघालास तेव्हा बॅग भरताना दिसलं म्हणालास. जानेवारीत परत गेलास तर काउंटरवर पान चौदा उघडलं. शिक्क्यावर लाल रेघ, वर दुरुस्ती, बाजूला सही. तुला तीन तास एका खोलीत बसवलं, पासपोर्ट ठेवून घेतला. आता त्यांचं म्हणणं, रेघ तूच मारलीस, काहीतरी लपवायला. चौदा मेला तुला बोलावलंय. तोवर देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि कार्डाचं काय होईल ते नंतर.

आता मला सांग, मूळ गाढवपणा कुणाचा? मी अडतीस वर्षं लष्कराच्या डेपोच्या गेटवर बसलो. रोज चारेकशे माणसं आत, चारेकशे बाहेर. जवान, मजूर, ठेकेदार, दूधवाला. दूधवाल्याला मी एकदाही कर्नलच्या रकान्यात बसवला नाही. आणि ह्या साहेबाला समोर एकच माणूस उभा, हातात एकच कार्ड, तरी पाहुणा कोण आणि घरचा कोण हे ओळखता येऊ नये? गार हवेच्या खोलीत बसून शिक्का आपटायचा, तोही चुकीचा. आमच्याकडे असल्याला पहिल्या आठवड्यात कँटीनची भांडी मोजायला पाठवलं असतं.

आणि त्याला सोडून तू घरावर आळ घेतोस. घरात आहे कोण? पासपोर्ट आईच्या पत्र्याच्या पेटीत होता. आई नव्वदीची, तिला पेन आणि लाटणं लांबून सारखंच दिसतं. दया इंग्रजीत फक्त गॅसवाल्याच्या पावतीवर सही करते. राहिलो मी. माझ्याविषयी मी काय लिहिणार? डेपोतून निरोपाच्या दिवशी मिळालेलं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, 'सेवाकाळात एकही चूक नाही' म्हणून. नाताळाच्या जेवणाला तू त्याच्याकडेच तोंड करून बसला होतास.

विमानतळावरच कुणी काय केलं असेल तर बघ. तिथले हात किती शहाणे, ते दिसलंच आहे.

पत्र दोनदा उतरवून काढलं. पहिल्या कागदावर एक शब्द चुकला होता. खाडाखोडीचं पत्र मी कुणाला पाठवत नाही, तुला तर नाहीच.

शांतवन भिंगारदिवे


भिंगार
९ मार्च २०२५

चि. सॅम,

उत्तर म्हणून तू वकिलानं मिळवलेला पान चौदाचा फोटो पाठवलास. खाली एक ओळ नाही, सलाम नाही. इथं लोकांचे अर्ज भरून देणारा एक रविराज आहे, त्याच्या दुकानात जाऊन तो कागदावर मोठा छापून आणला आणि टेबलावर ठेवून दोन दिवस बघतोय.

जे दिसतं ते लिहितो. शिक्का निळा, तिरका बसलाय, डावी कड उठलेलीच नाही. शिक्का उभं राहून मारायचा असतो, बसून मारला की असाच लोळतो. त्यावर साहेबाची अक्षरं, कोंबडीनं उकिरडा उकरावा तशी. हे झालं त्यांचं काम.

आता लाल काम बघ. रेघ एकच आहे, पट्टी लावून मारलेली, सरळ. खालचं चुकीचं अक्षर न् अक्षर वाचता येतंय. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरात 'परमनंट रेसिडेंट', त्याखाली 'करेक्टेड'. सत्तावीस डिसेंबरची तारीख. शेजारी छोट्या सहीचा कोंबडा. ज्यानं कुणी हे केलं त्याला काम येत होतं एवढं नक्की. चूक झाकायची नाही, खरवडायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एक रेघ, वर बरोबर असेल ते, सही, तारीख. डेपोत नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवायचो. वीस-बावीस वर्षं हाताखाली काढलेल्यांनासुद्धा अशी रेघ जमली नाही.

आणि लिहिलंय तरी काय? खोटं आहे का? तू परमनंटच आहेस ना तिथला? मग खरं लिहिणारा गुन्हेगार आणि खोटा शिक्का मारणारा साहेब, हा कुठला न्याय?

तू मात्र लहानपणापासून असाच. तुला काम दिसत नाही, करणारा दिसतो, आणि तो साधा दिसला की तुझ्या ओठाचा कोपरा वर जातो. बाबा गेले तेव्हा तू तिसरीत होतास. त्या वर्षापासून तुझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही मी केली. गणितात एकोणीस पडले तेव्हाही केली आणि आईला सांगितलं नाही. मी नववीत शाळा सोडली, पुढचं इंग्रजी गेटपासवरून आणि साहेबांच्या रद्दीतल्या पेपरांवरून शिकलो. तू शिकलास, मोठा झालास, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण नाताळाच्या जेवणाला पासपोर्ट हातात नाचवत तू काय बोललास ते आठव. आत्या होत्या, चर्चचे पाळकसाहेब होते, राहात्याचे पाहुणे होते.

"दादासारखंच काम त्या साहेबाचं," म्हणालास. "येणाऱ्याच्या वहीत शिक्का आपटायचा. डोकं लागत नाही, तरी यांना जमत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. पाळकसाहेबांना मटण वाढलं.

बाकी ठीक. आईचा गुडघा दुखतो. ईस्टरला सॅम येईल असं ती चर्चच्या मंडळीत सगळ्यांना सांगत सुटलीय. तिचं तोंड बंद करायचं काम मी करणार नाही.

शांतवन


भिंगार
२३ एप्रिल २०२५

सॅम,

ईस्टर झाला. तू आला नाहीस, येणार नव्हतासच. आईनं तरी तुझ्यासाठी बाकावर जागा धरली, स्वतःची पर्स ठेवून. उपासना संपेपर्यंत पर्स तिथंच. रतनबाई, धाकटा कुठंय, म्हणून तिघांनी तिला विचारलं. तिनं प्रत्येकाला सांगितलं, "विमान उशिरा हाय."

दुसऱ्या दिवशी मी रविराजकडे गेलो. तुझ्या वेळेस ते दुकान नव्हतं. बाहेर पाटी, पासपोर्ट, पॅन कार्ड, पीक विमा, लग्नपत्रिका. आत एक संगणक आणि तोंडात सुपारी भरलेला रविराज. पस्तिशीचा असेल. जगातलं कुठलंही सरकार असो, ह्याच्या एका बोटाखाली. असल्या माणसाकडे सल्ला मागायला जायची वेळ आली म्हणून मला माझीच कीव आली. पण तो इथल्या निम्म्या लोकांचे परदेशी कागद भरतो. मी नाव न सांगता विचारलं.

"बाबा, शिक्का चुकला तर काय बी बिघडत न्हाई," तो म्हणाला. "विमानतळापाशीच त्यांची एक खोली असती, असल्या चुका निस्तरायची. जायचं, कार्ड दाखवायचं, पासपोर्ट दाखवायचा. त्यांची चूक, त्येच नीट करून देत्यात. आपल्या एका श्रीगोंद्याच्या गिऱ्हाइकाचं झालंय. अर्धा तास लागला."

"अर्धा तास?"

"पार्किंगला जागा शोधायला जास्त लागला म्हनं."

"आणि समजा, त्या खोलीत जायच्या आधीच कुणी दुरुस्त करून ठेवलं असेल तर?"

"कुणी म्हंजे?"

"कुणी जाणकार माणसानं."

त्यानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि माझ्याकडे बघितलं. "बाबा, दुसऱ्याच्या पासपोर्टवर पेन चालवनारा जानकार नसतो. येडा असतो, न्हाईतर चोर. शिक्क्याची चूक ही चूक असती, त्यावरची रेघ हा गुन्हा. त्या रेघेपायी मानसाचं कार्ड जाईल, मग बसा बोंबलत."

मी उठलो. तो मागून म्हणाला, "कुनाचं हाय, बाबा?" मी म्हणालो, "आहे एका गाढवाचं." हे खोटं नव्हतं.

घरी आलो तर आई पलंगावर पाय सोडून बसलेली. मी गुडघ्याला तेल लावायला घेतलं. ती म्हणाली, "शांतू, धाकला का येईना?"

"त्याच्या कागदाचं काहीतरी आहे."

"तू काय केलंस त्येच्या कागदाला?"

मी म्हणालो, मी काय करणार. माझा हात तेलात होता, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. बघत होती म्हणजे तोंड माझ्याकडे होतं.

"मला दिसत न्हाई, ऐकू येतंय," ती म्हणाली. "सगळी राहात्याला लग्नाला गेल्ती. तू पोट दुखतंय म्हनून घरी राह्यलास. पेटीचं झाकन वाजलं. मग पट्टी वाजली टेबलावर. मग बराच येळ काईच वाजलं न्हाई. तुझं पोट पट्टीनं बरं हुतंय व्हय?"

सॅम, रेघ मी मारली.

एका ओळीत लिहायची गोष्ट होती, तिला मला अडीच महिने आणि तीन पत्रं लागली. आता बाकीचंही लिहितो. सत्तावीस डिसेंबरला तुम्ही सगळे लग्नाला गेलात. मी पेटी उघडली, पान चौदा काढलं. मनात हे होतं की तू तिथल्या काउंटरवर पान उघडशील, दुरुस्ती दिसेल, आणि तुला कळेल की ज्या कामाला डोकं लागत नाही ते काम चोख करणारा माणूस तुझ्या घरातच आहे. साहेबसुद्धा बघून म्हणेल, कुणी केलं हे, बरोबर आहे. असला विचार सत्तर वर्षांच्या माणसाच्या डोक्यात आला. आमच्या गेटवर माझ्यासमोर असा कुणी उभा राहिला असता तर मी त्याला दम भरून हाकलला असता.

आणि मागच्या पत्रात नियम लिहिला तो मी अर्धाच लिहिला. एक रेघ, सही, तारीख, हे खरं. पण त्याच्या आधीचा नियम असा की ज्याचं रजिस्टर त्याचंच पेन. दुसऱ्याच्या रजिस्टरात चूक दिसली तर तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही. एकदा एका हवालदारानं माझ्या रजिस्टरात एक आकडा नीट केला होता. आकडा त्याचाच बरोबर होता. तरी मी वर लेखी तक्रार केली आणि त्याला सर्वांसमोर माफी मागायला लावली. म्हणजे मला नियम माहीत नव्हता असं म्हणायला जागा नाही. मला माहीत होता, माझ्या रजिस्टरापुरता.

त्या गार हवेतल्या साहेबाला मी काय काय बोललो. त्यानं चूक केली ती कंटाळून, झोप कमी पडली म्हणून. मी केली ती पट्टी लावून.

चौदा मेला एकवीस दिवस आहेत. कागद करतो.

दादा


भिंगार
२ मे २०२५

सॅम,

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. रविराजनं त्याचा फोटो काढून तुझ्या वकिलाच्या मेलवर आजच पाठवला, मूळ कागद कुरिअरनं येतोय. रविराजला खरं सांगावं लागलं. त्यानं 'येडा न्हाईतर चोर' हे पुन्हा म्हटलं नाही, नुसता चहा मागवला. ते जास्त लागलं.

नोटरीकडे तमाशा झाला. कोर्टाबाहेर छत्री लावून बसणारे हे गृहस्थ मी सांगेन त्याच्या निम्मंच लिहीत होते. त्यांनी लिहिलं, 'सदर लेखन गैरसमजातून झाले'.

मी म्हणालो, "गैरसमज नव्हता."

"अहो, असंच लिहायचं असतं."

"कुणी सांगितलं?"

"तीस वर्षं लिहितोय मी."

"मग तीस वर्षं चुकीचं लिहिताय. लिहा, रागातून झाले."

"आजोबा, रागातून लिहिलं तर तुमच्यावर येईल. पासपोर्टवर लिहिणं आपल्याकडेही गुन्हाच आहे. म्हातारपणी पोलीस दारात आणायचेत का?"

मी म्हणालो, आले तर खुर्ची देईन. पण गैरसमज लिहाल तर तिकडचा साहेब विचारेल, कसला गैरसमज? मग माझा भाऊ पुन्हा त्या खोलीत बसेल. राग कुठल्याही देशातल्या माणसाला कळतो.

मजकूर शेवटी असा झाला: 'मी, शांतवन भिंगारदिवे, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, शपथेवर लिहितो की माझा धाकटा भाऊ सॅम याच्या पासपोर्टच्या पान चौदावरील लाल रेघ, अक्षरे, सही आणि तारीख माझ्या हातची आहेत. ती मी त्याच्या माघारी, त्याला न सांगता, त्याच्यावरच्या रागातून केली. त्याला ती परत पोहोचेपर्यंत माहीत नव्हती. तिथला कायमचा रहिवासी तो आहे. मी त्या पानावर पाहुणासुद्धा नव्हतो.'

शेवटचं वाक्य नोटरीला नको होतं. ते कायद्याच्या भाषेत बसत नाही म्हणाला. मी म्हणालो, बसवा.

खाली पूर्ण सही केली आणि शेजारी कोंबडाही काढला, म्हणजे त्यांना पान चौदाशी ताडून बघता येईल. डेपोचं ते प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलंय. दयानं विचारलं, का? म्हटलं, खोटं आहे म्हणून. ती म्हणाली, "मग तिथला डाग झाकायला कॅलेंडर लावा." कॅलेंडर लावलं.

तुला माफी मागायची तर ती मागतो. पण जेवणाच्या टेबलावर तू जे बोललास ते मी विसरलो असं लिहिणार नाही. आता पुन्हा खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

दादा


भिंगार
२९ जून २०२५

चि. सॅम यास दादाचा सलाम.

परवा तू आईच्या मोबाईलवर फोन केलास आणि तिच्याशी पाऊण तास बोललास. गुडघ्यावर, चर्चच्या नव्या पंख्यांवर, वहिनीच्या लोणच्यावर. मग म्हणालास, दादाला दे. मी ओट्यापाशी उभा होतो, तिथून खोलीपर्यंत यायला मला जेवढा वेळ लागला तेवढा गेटपासून ऑफिसपर्यंत कधी लागला नाही.

फोनवर मी फारसं बोललो नाही ते आता लिहितो.

कार्ड शाबूत राहिलं, छान झालं. चौदा मेला त्या खोलीतल्या बाईंनी माझा कागद दोनदा वाचला, शेवटच्या वाक्याला हसल्या आणि 'तुझा भाऊ अजून नोकरी शोधतोय का?' म्हणून विचारलं, हे तू सांगितलंस. त्यांना माझा सलाम सांग आणि सांग, नाही. मग त्यांनी त्यांच्या पेनानं शिक्का दुरुस्त केला. मी विचारलं, कसा? तर म्हणालास, "एक रेघ मारली, वर लिहिलं, सही केली, तारीख टाकली." मी विचारलं, पट्टी लावली का? म्हणालास, नाही, हातानंच, वाकडी. बघ. म्हणजे रीत तीच आहे, जगभर. फक्त पेन ज्याचं त्याच्या हातात हवं, आणि पट्टी असती तर बरं झालं असतं.

माझ्या लाल अक्षरांमुळे तुला आता नवा पासपोर्ट काढावा लागतोय. त्याचा अर्ज भरायचा आहे, रांगेत उभं राहायचं आहे, तिथं कुणी मख्ख माणूस तुझे कागद तीनदा परत करेल. तो परत करील तेव्हा मला शिव्या दे. त्याला नको.

आता ते शेवटचं. तू म्हणालास, "दादा, काउंटरवर पान उघडलं तेव्हाच ओळखली होती मी सही. तिसरीपासून दहावीपर्यंत बघितलीय."

मी विचारलं, मग तीन तास त्यांनी विचारलं तेव्हा माझं नाव का नाही सांगितलंस?

तू म्हणालास, "त्यांना कशाला सांगू? तू मला सांगायचंस."

फोन ठेवल्यावर मला आधी तुझा राग आला, हे खरं लिहितो. चार महिने म्हाताऱ्या भावाला ताटकळत ठेवलंस. स्वतःचं कार्ड पणाला लावलंस, आईला रिकाम्या जागेवर पर्स ठेवायला लावलीस, वकिलाला बसवून ठेवलंस, कशासाठी, तर दादाच्या तोंडून ऐकायचं म्हणून. इतका हेकट माणूस आपल्या घरात कुणावर गेला असेल, ह्याचा विचार करत मी गच्चीवर गेलो, आणि मग खाली आलो.

आईला सांगितलं, सॅमला सही माहीत होती. ती म्हणाली, "त्येच्या एकोनीस मार्कावर बी तीच हुती. मला काय, तवा दिसत न्हवतं व्हय?"

म्हणजे तेही तिला माहीत होतं. ह्या घरात अडाणी मी एकटाच.

नाताळाला ये. आई आत्तापासून सांगत फिरतेय, ह्या खेपेला विमान वेळेवर आहे. पासपोर्ट पेटीत ठेवू नकोस, तुझ्या खिशात ठेव. जेवताना तू माझ्या शेजारी बस, समोर नको. तुला बोलायचं ते बोल, मीही बोलेन. पाळकसाहेबांना मटण तू वाढ.

वरच्या परिच्छेदात 'नाताळाला'च्या जागी मी आधी 'ईस्टरला' लिहून बसलो होतो. पत्र पुन्हा उतरवलेलं नाही. तिथं एक रेघ आहे, खालचं वाचता येतंय, शेजारी सही आहे आणि आजची तारीख. पट्टी नाही लावली.

तुझा
दादा